अंतऱ्यातली जागा

कॅनडातल्या ब्रॉसार्डच्या कम्युनिटी सेंटरमध्ये बर्फ तुडवत माणसं उन्मेषच्या शोकसभेला जमली होती. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा साउंड तोच सांभाळायचा. आज त्याच्या मिक्सरवर त्याची बायको उमा बसली. जिवलग मित्र नंदकुमारांनी त्याचा आवडता अभंग धरला. अंतऱ्यात वरच्या सुराला आवाज चिरकला, साऱ्या हॉलने ऐकला. आयुष्यभर टाळ्या घेतलेली जागा आजच दगा देऊन गेली! ओशाळून त्यांनी विचारलं, "वहिनी, माईक बिघडलाय का?" उमा ओल्या डोळ्यांनी हसली. "माईक ठणठणीत आहे, भावजी. तुम्ही तिथे नेहमीच चिरकता. हे अलगद तुमचा आवाज खाली घ्यायचे, पेटी वर. 'नंद्याला कळता कामा नये,' म्हणायचे. मला मेलीला ती वेळ साधली नाही." नंदकुमारांनी डोळे पुसले. "आता पेटी वर घेऊ नका," म्हणत तोच अंतरा उचलला आणि मनसोक्त चिरकले.