पोकळ फरशी

पावसात अंगणात चिखल होतो. आंधळ्या आईचा पाय घसरू नये म्हणून मी फाटकापासून दारापर्यंत फरश्यांची वाट केली.

आईने काठीने एकेक फरशी ठोकून पाहिली. “कागोया, मधली पोकळ वाजतेय. कंपालाला जाऊन गवंडीकाम शिकलीस ते हेच का गं?”

मी ती उचलली. खालचा मुरूम दगडासारखा घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी ती भरीव वाजली, पण घराकडची पुढची फरशी पोकळ. मग रोज तो आवाज एकेक फरशी पुढे सरकू लागला. मी प्रत्येक वेळी खणून पाहिलं. खाली मुरूमच.

आज दारापुढची शेवटची फरशीही भरीव वाजली. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात आत आईने काठी टेकली. आवाज पोकळ आला.

“आई, हलू नकोस!”

“हललेच नाही मी,” ती म्हणाली.

तिचा आवाज जमिनीखालून आला.