वजनाच्या भावात

भंगारवाल्याने सीपीयू काट्यावर ठेवला, आकडा वाचला आणि विज्ञानाच्या बाईंकडे पाहिलं. पत्र्याचा जो भाव तोच याचा, तो म्हणाला. चालतो की नाही हे मात्र त्याला विचारायचं नाही. त्याच्या दारात जे येतं ते बंद पडूनच येतं.

बाई सकाळपासून तीन दुकानांच्या पायऱ्या चढून उतरल्या होत्या. तिथे वापरलेले संगणकही शाळेच्या आवाक्याबाहेरचे निघाले. शाळेत खोली होती, टेबलं होती, वेळापत्रकात आठवीचा संगणकाचा तासही होता. त्या तासाला मुलं पुस्तकातला धडा मोठ्याने वाचत. ‘माउसचं डावं बटण दाबा,’ असं एकजण वाचायचा आणि बाकीचे मुकाट्याने ऐकायचे. महिनाअखेरपर्यंत काही आलं नाही तर खोलीत मोडकी बाकं टाकायची, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं.

गोदामात एका बंद झालेल्या कचेरीचा माल पडला होता. चौदा सीपीयू, तेवढेच पडदे, आणि वायरींचा असा गुंता की बघूनच जीव दमावा. आतल्या डिस्क कचेरीने काढून घेतल्या होत्या, पण त्याचं बाईंना काही वाटत नव्हतं. त्यांच्या भाच्याने एक पेनड्राइव्ह तयार करून दिला होता, लागतील तेवढे आणखी करून देणार होता. तो लावला की संगणक डिस्कशिवायही सुरू होतो. बाकीचं आतलं सगळं तेवढं धड हवं.

त्यांनी एखादा लावून बघू का म्हणून विचारलं. भंगारवाल्याने टेबलफॅनची पिन काढून जागा करून दिली. पहिल्या सीपीयूचा पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि आतून पीं पीं आवाज येऊ लागला. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याने तर हूं की चूं केलं नाही. टेबलफॅन बंद असल्याने बाईंना दरदरून घाम फुटला होता. राहू द्या बाई, भंगारवाला म्हणाला, उगाच हात काळे करताय.

“पट्टी घासा,” कोपऱ्यातून आवाज आला.

तिथे पोत्यावर बसून एक बाई सीपीयू सोलत होती. भंगारवाल्याची थोरली बहीण. हातात स्क्रू ड्रायव्हर, पुढ्यात तीन डबे: एकात तांबं, एकात ॲल्युमिनियम, एकात हिरवे बोर्ड. तिने मान वर केली नव्हती. पार्ट न्यायला मेकॅनिक येतात, ती म्हणाली, ते आधी ही मेमरीची पट्टी काढून घासतात. काळी पडली असली की तो असा ओरडतो.

“कशाने घासायची?”

“खोडरबराने.”

शिक्षिकेच्या पर्समध्ये खोडरबर नसता तरच नवल. पण पट्टी नेमकी कुठे असते, हे बाईंना सापडेना. थोरलीच उठून आली. पहिल्या सीपीयूचं झाकण तिने एका झटक्यात सरकवलं, दोन्हीकडच्या खिट्ट्या अंगठ्यांनी दाबून पट्टी उपसली आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती वहीतली चूक खोडावी तशी निगुतीने खोडली. थोरलीने पट्टी परत बसवली. बाईंनी बटण दाबलं.

या वेळी आवाज आला नाही. पडद्यावर आधी काही अक्षरं धावली, मग तो निळा झाला आणि त्यावर छोटी छोटी चित्रं उमटली. बाईंनी माउस हलवला. बाण हलला.

थोरली वाकून बघत राहिली. तिने बोट पुढे केलं, मग ते काळं आहे हे बघून मागे घेतलं.

“सात वर्षं हे फोडतेय मी,” ती म्हणाली. “चालू झालेला आज पाहिला.”

काय लिहिलंय ते बाई सांगू लागल्या, तेव्हा तिने मान हलवली. वाचता येत नाही, ती म्हणाली, तो बाण कसा पळतो ते बघतेय. बाईंनी माउस तिच्या हाताखाली सरकवला. तिने आधी हात बाहीला पुसले.

भंगारवाल्याचा चेहरा मात्र बदलला होता. तो घसा खाकरून म्हणाला की, भंगाराचा भाव वेगळा आणि चालू मालाचा वेगळा, हे बाईंनाही पटेल. बाईंजवळ पैसे होते ते पत्र्याच्या हिशोबाने.

थोरलीने माउसवरची नजर काढली नाही.

“काट्याला काय कळतं रे चालू नि बंद?” ती म्हणाली.

भंगारवाला बहिणीकडे बघत राहिला, मग हसला. त्याने पुढचा सीपीयू उचलून काट्यावर ठेवला.

तासाभरात टेम्पो भरला. चौदाच्या चौदा घ्या, असं थोरलीने बजावलं होतं. दहा सुरू होतील, आणि चारांच्या पोटातलं त्या दहांना उपयोगी पडेल. कुठल्यातलं काय काढायचं हे बाई वहीत लिहून घेऊ लागल्या. दुसऱ्याच ओळीला त्यांनी पेन थांबवलं. हे मला जमायचं नाही, त्या म्हणाल्या, आणि आठवीच्या मुलांनी आतलं सगळं बघितलेलं बरं. तुम्हीच दाखवाल का त्यांना?

थोरलीने नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, स्क्रू ड्रायव्हर पुसून घेतला आणि टेम्पोत पुढे, बाईंच्या शेजारी येऊन बसली.

“अगं ताई, कुठे निघालीस?” भंगारवाल्याने विचारलं.

“शाळेत,” ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.