तिसरी वायर

सकाळीच आलेली ती गाडी वीस वर्षांची होती. चढावर दम टाकायची आणि उभी केली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं आणि प्लगची एकेक वायर काढून परत बसवून बघितली. पहिली काढली तसं इंजिन अडखळलं, दुसरीला तर बंद पडायलाच आलं. तिसरी काढली, पण इंजिन आपलं होतं तसंच चालू.

"हा सिलिंडर मेलाय," मिस्त्री म्हणाले.

"अहो, काढून काहीच फरक पडला नाही की!" गाडीचा मालक म्हणाला.

"म्हणून तर. कामाचा असता तर काढल्यावर कळलं असतं."

मालक हसला. मिस्त्रींना काही हसू आलं नाही. कुणाला काही न सांगता गेल्या दोन रात्री ते गॅरेजातल्या बाकावरच झोपले होते. खिशातला फोन चार्ज केलेला होता, पण एकदाही वाजला नव्हता.

गाडी तशीच ठेवून ते तडक घरी गेले. दारात चपलांचा आवाज झाला, तशी सूनबाई आतूनच म्हणाली, "निघालात का बाबा? जाताना दार तेवढं ओढून घ्या."