इयासनं बोलावलंय

पुन्हा तोच निरोप आला. 'तुझा सर्व्हर उत्तर देत नाही.' त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या मयार नावाच्या पोरीनं आणखी एक ओळ टाकली होती. 'बोलावलंस आणि आता तोंड लपवतोस होय?'

रुदैनानं धाकट्या भावाकडे पाहिलं. इयास खुर्चीच्या कडेला टेकून पडद्याकडे बघत होता. तो बोलत नव्हताच. दरआ गावातल्या घरातून शिपायांनी बापाला उचलून नेलं त्या दिवशी पोराची वाचा बसली, ती सरहद्द ओलांडून इरबिदला येऊन दोन हिवाळे उलटले तरी परत आली नव्हती. डॉक्टर थकले, शाळेच्या बाई थकल्या, आईचे नवस संपले. आणि याच पोरानं काल, कुणी न सांगता, इमारतीतल्या मुलांच्या ग्रुपवर स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं, 'उद्या असरच्या नमाजानंतर माझ्याकडे या. मी घर बांधलंय.'

घर खेळातलं होतं. ठोकळ्यांवर ठोकळे रचून उभं केलेलं. खेळाचं ते सगळं जग रुदैनाच्या जुन्या संगणकात चालत होतं. घरमालकाच्या एकाच राउटरवरून प्रत्येक बिऱ्हाडात केबल गेलेली, त्यामुळे पोरांना आपापल्या घरी बसून त्या जगात शिरता यायला हवं होतं. इयास शिरला होता, कारण तो याच संगणकावर होता. बाहेरच्या कुणालाही शिरता येत नव्हतं.

रुदैना मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांची बंद पडलेली यंत्रं ती बोलती करायची, आणि आज घरच्याच यंत्रानं तिच्या नाकी नऊ आणले होते. केबल काढून पुन्हा लावून झाली. राउटर बंद करून चालू केला, तर दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची मालिका मध्येच तुटली आणि त्यानं जिन्यात तिच्या सात पिढ्या काढल्या. मुलांना दिलेला पत्ता तपासला, आकडा न् आकडा बरोबर होता. बाहेरच्यांना अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये खेळाला परवानगी होती, समोर बरोबरची खूणही होती. शेवटी तिनं जिन्यात उभं राहून नेटवर्कवरचे संगणक फोनवर शोधले. मयारचा संगणक दिसला. चौथ्या मजल्यावरचाही दिसला. स्वतःच्या घरचा तेवढा दिसेना, जणू त्या घरात कुणी राहतच नव्हतं.

ती धावत वर आली तेव्हा नवा निरोप येऊन पडला होता. 'पाच मिनिटं बघतो, मग आम्ही फुटबॉलला जातो.'

पोरंच ती, जाणारच. उद्या विसरूनही जातील. पण इयास विसरणार नव्हता, आणि पुन्हा कुणाला बोलावणारही नव्हता. एवढं रुदैनाला पक्कं कळत होतं. ती सेटिंगची एकामागून एक पानं उघडत गेली, आणि एका जागी थबकली.

खेळाला दिलेली परवानगी फक्त विश्वासाच्या नेटवर्कपुरती होती. आणि इमारतीचं नेटवर्क परक्यांत टाकलेलं होतं. शेजारी लिहिलं होतं, 'इथे हा संगणक इतरांपासून लपलेला आहे.' पण संगणक आणला त्याच दिवशी तिनं स्वतः ते विश्वासाचं करून ठेवलं होतं. मग तिला आठवलं, गेल्या महिन्यात घरमालकानं राउटर बदलला होता. नवा राउटर दिसला की संगणक पुन्हा एकदा विचारतो, हे विश्वासाचं की परकं. त्या दिवशी ती दुकानात होती.

"यम्मा, या संगणकाला कुणी हात लावला होता?"

आई स्वयंपाकघरातून आली. ती कूसाच्या कोरलेल्या छोट्या भोपळ्यांत तांदूळ भरत होती, हात तसेच बरबटलेले.

"मी," ती म्हणाली. "संगणकानंच विचारलं. आजूबाजूच्यांना तुम्ही दिसलात तर चालेल का, असं. मी नाही म्हटलं." मग तिनं विचारलं, "हो म्हणायला हवं होतं?"

दरआला समोरच्या घरातल्या माणसानंच शिपायांपुढे त्यांच्या घराकडे बोट दाखवलं होतं. तेव्हापासून आईनं कुणाच्या नजरेत न येण्यात दिवस काढले होते. जिन्यात कुणी गाव विचारलं तर ती भलतंच नाव सांगायची. ईदला मयारची आई मामूलचं, खजूर भरलेल्या बिस्किटांचं ताट घेऊन आली, तेव्हा ही आत श्वास रोखून बसली होती. आता एक कळ दाबायची, की काम होणार होतं. पण आईला डावलून ती दाबायला रुदैनाचा हात धजेना.

इयास उठला. त्यानं आईचं मनगट धरलं, तिला ओढत आणलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

आईनं मुलांचे निरोप वाचले. मग इयासनं काल लिहिलेली ओळ वाचली. ती तिला कुणी दाखवलीच नव्हती. ती ओळ तिनं पुन्हा वाचली. मग तिनं डोळे मिटले आणि रुदैनानं दाखवलेली कळ दाबली.

खेळातल्या जगात मयार आली. तिचे दोघे भाऊ आले. ते घराभोवती एक फेरी मारून आले, मग उलटी फेरी मारून आले. मयारनं लिहिलं, 'अरे, शिरायचं कुठून?'

रुदैनानं दृश्य फिरवून घर बाहेरून पाहिलं. चार भिंती, वर छप्पर. दार नाही, खिडकी नाही. आत मेज मांडलेलं, त्यावर सगळ्यांना पुरतील अशा भाकरी, आणि मेजापाशी इयास. पोरानं आत राहूनच सगळं घर बांधून काढलं होतं.

इयास कावराबावरा झाला. आईच्या खांद्यावरून हात पुढे घालून त्यानं खेळातली कुदळ उचलली आणि तो मागच्या भिंतीकडे वळला.

आईनं त्याचा हात धरला.

"तिकडून नको रे," ती म्हणाली. "रस्त्याच्या अंगाला काढ दार. लोकांना लांबून दिसू दे, की आपण इथं राहतो."