माहेरचा रोग

मोठ्या आतड्यातल्या जखमांनी सुरुची वाळून काटकी झाली होती. साकेत नगरच्या डॉक्टरांनी बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं सुचवली आणि घरात भांडण पेटलं.

"असली भलतीसलती औषधं आमच्याकडे चालायची नाहीत," सासूबाई, वसुधाताई, कडाडल्या.

"पोट माझं आहे, मीच ठरवणार," सुरुचीनेही ठणकावलं. नवरा सत्यजित नेहमीसारखा गप्प.

तिने इंजेक्शन घ्यायचं ठरवलंच. पण त्याआधी टीबीची तपासणी करावी लागते, आणि तिच्या अंगात टीबी लपून बसलेला निघाला. रिपोर्ट ऐकायला तिघंही गेली होती.

"आधी त्याच्या गोळ्या, मग इंजेक्शन," डॉक्टर म्हणाले. "घरात कुणाला टीबी झाला होता का?"

वसुधाताईंना आयतंच सापडलं. "हिच्या माहेरचाच असणार! रोग लपवून पोरगी आमच्या गळ्यात मारली."

सुरुची उसळून उत्तर द्यायला निघाली. एवढ्यात सत्यजितने तोंड उघडलं.

"टीबी मला झाला होता, डॉक्टर. लग्नाच्या दिवशीसुद्धा आईनेच आठवणीने गोळी दिली होती."