तवंगाखालचे पाणी

मनोरीच्या गावविहिरीचे पाणी पिण्यास सर्वथा योग्य असून त्यात डिझेलचा अंशही आढळला नाही, असा अधिकृत अहवाल आला. पण शेजारच्या बंगल्याच्या जनरेटरमधून विहिरीत डिझेल झिरपत होते. तेच पाणी पिऊन प्रेमाचा मुलगा परवापासून रुग्णालयात ओकत होता, आणि बंद केलेली विहीर त्या अहवालाच्या जोरावर उद्या पुन्हा उघडणार होती.

बोरिवलीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रेमाला घरी बसवेना. पाण्याचे ध्रुवीय रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांच्या पंगतीत अध्रुवीय डिझेलला पान मांडले जात नाही. ते हलके, म्हणून वर तरंगत राहते. मग तरंगणारे डिझेल प्रयोगशाळेला दिसले कसे नाही? ती तडक नमुना घेणाऱ्या निरीक्षकाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"सॅम्पल कुठून घेतलंत?"

"खालून. बाटलीला दोरी बांधून पार खोल सोडली."

"वरचा तवंग दिसला नाही?"

"दिसला ना! आंधळा आहे का मी?"

"मग बंगलेवाल्याने काय दिलं तुम्हाला?"

निरीक्षकाचा चेहरा लालबुंद झाला. आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्याच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवले होते.

"शपथेवर सांगतो मॅडम, त्याचा चहासुद्धा नाही घेतला. उलट मीच वरचं सगळं तेलकट पाणी बादलीने उपसून फेकलं आणि मगच बाटली भरली. असलं घाण पाणी लॅबला पाठवणं बरं दिसतं का?"