मागचं टोक

"पुढचं टोक माझं. मी टकटक केलं की मागचं तुम्ही उचलायचं, आणि मध्येच कुणी सोडायचं नाही."

कपाट हलवताना पप्पा असं बजावायचे, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेलाही हाच कायदा. जन्मभर कपाटं बनवलेला माणूस. देवसुद्धा सगळ्यांनी मिळून उचलून घरात आणायचा असतो, असं त्यांना वाटे. अर्धी प्रार्थना ते म्हणत, उरलेली आई आणि मुलं उचलत. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायचं थांबे.

त्या आवाजाचा आता एवढाच धागा उरला होता :

"हे आमच्या स्वर्गातील बापा..."

"झालं पुन्हा सुरू," लेक म्हणाली. तिच्या हातातल्या वाटीतलं सूप निवून त्यावर पापुद्रा धरला होता. दिवसभर पार्लरमध्ये उभी राहून ती दुसऱ्यांची डोकी धुऊन आली होती. आता तिचं स्वतःचं फिरायची वेळ आली होती.

अर्धांगाचा झटका आल्यापासून पप्पांची सगळी भाषा पुसली गेली होती. राहिली ती फक्त प्रार्थनांची पुढची टोकं, वर्षानुवर्षं जिभेवर घासून गुळगुळीत झालेली. पाणी हवं तरी 'स्वर्गातील', उशी हवी तरी 'स्वर्गातील'. आणि प्रार्थना पुरी झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, ही जुनी शिस्त तेवढी डोक्यात शाबूत. पण प्रार्थना पुरी व्हायची कशी? पहिल्याच पायरीवर गाडी अडायची. लेक 'आमेन'पर्यंत पोचवायची, आणि पप्पा पुढच्या प्रार्थनेकडे, 'नमो मरिये'कडे, जायचं सोडून परत 'बापा'वर यायचे. सकाळी नर्सबाई त्यांचा काटकुळा दंड हातात धरून म्हणाल्या होत्या, "असंच चाललं तर उद्या नाकातून नळी घालावी लागेल. त्यांचे हाल, तुमचेही हाल."

"पप्पा, तोंड उघडा. देव काही उपाशी नाहीये. तुम्ही आहात."

ओठ घट्ट मिटलेले. नजर तिच्यावर. चालता हात पलंगाच्या लाकडी कठड्यावर.

"हे आमच्या स्वर्गातील बापा, तुझे नाव पवित्र मानिले जावो..." पप्पांनी आपलं टोक 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही' इथपर्यंत आणून ठेवलं आणि ते थांबले.

तिने बिल वाचून दाखवावं तसं उरकलं. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, आम्हांला मोहात पडू देऊ नकोस, वाईटापासून सोडव, आमेन. हं, आता नमो मरिये म्हणा."

"हे आमच्या स्वर्गातील..."

"अडकलेली तबकडी नुसती. भिंतीवर डोकं आपटू का मी?"

"नको. भिंत भाड्याची आहे," मोरीपाशी भांडी घासणारा तिचा नवरा म्हणाला. मग मान न वळवताच, "एक सांगू? मला तुमचं काही पाठ नाही. पण ज्या दिवशी नर्सबाई तुझ्याऐवजी म्हणत होत्या ना, त्या दिवशी ते पुढे गेले. जेवलेही. तू मधली एक ओळ खातेस."

"तुला काय कळतंय."

"भाकरीनंतरची. आधी वाटलं, दमली असेल. पण रोज तीच ओळ?"

तिने वाटी खाली आपटली. ह्याच माणसापायी पप्पांनी तिला दार बंद केलं होतं. आणि हाच आता पप्पांना कुशीवर वळवत होता, त्यांची लाळ पुसत होता, वर विनोद करत होता. त्याचाही तिला राग येत होता.

"नाही म्हणवत मला ती," ती म्हणाली. "धुते, पुसते, भरवते. सगळं करते ना? तेवढी एक ओळ मागू नका माझ्याकडे. देवासमोर खोटं बोलू?"

"खरं बोल असं कोण म्हणतंय? नुसती उचल. जड असेल तर वरून कुणी हात लावेलच की."

"वरून," ती पुटपुटली. "वरच्याला दुसरी कामं नाहीत."

पप्पांनी श्वास घेतला. परत तेच येणार. तिने तळहात आडवा धरला.

"थांबा. आज आधी माझं ऐकायचं. आई गेली, आणि तुम्ही मला कळवलं नाहीत. माती होऊन गेल्यावर मला बाहेरच्या माणसाकडून कळलं. मी आले तेव्हा कबरीवरची फुलंसुद्धा वाळली होती, पप्पा."



पप्पांचे ओठ वाकडे होऊन हलले. ह्यासाठीचा शब्द त्यांच्यापाशी नव्हता. 'स्वर्गातील'ही आलं नाही. लुळ्या बाजूच्या डोळ्यातून एरवीही पाणी गळायचं. आज चांगल्या डोळ्यातूनही आलं, आणि ते पुसायला म्हणून उचललेला हात डोळ्यापर्यंत न जाता परत कठड्यावर गेला.

बोटांची पेरं लाकडावर वाजली. टक. टक.

तिने वजनाखाली खांदा द्यावा तसा श्वास भरला.

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे, आणि जसे आम्ही..." आवाज मध्येच लचकला. तिने सोडलं नाही. "जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हांला आमच्या अपराधांची क्षमा कर."